सायटेशनमध्ये न मावलेली पोरं

दोन जन्मतारखा. १६ नोव्हेंबर १९२१ आणि १८ नोव्हेंबर १९२१. पहिली कोकणातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या यशवंत घाडगेची, दुसरी नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवची. त्या काळी खेड्यातल्या पोरांच्या तारखा मास्तर नाहीतर भरतीचा कारकून अंदाजपंचे टाकून मोकळा व्हायचा, म्हणून त्या दोन दिवसांच्या अंतरावर मी फार भरवसा ठेवत नाही. पण एकाच पावसाळ्यानंतर जन्मलेली ही दोन पोरं, एवढं धरून चालायला हरकत नाही.

दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. दोघेही दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. यशवंत १० जुलै १९४४ रोजी तिथेच गेला, बावीस वर्षांचा. नामदेव ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी जखमी होऊन वाचला, मायदेशी परतला आणि २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात वारला. म्हणजे त्याला यशवंतपेक्षा चाळीस वर्षं जास्त मिळाली. तरीही आज या दोघांबद्दल वाचायला बसलं की हाती लागतं ते अगदी सारखंच: पानभर मजकूर, एका लढाईचा, त्यातल्याही काही मिनिटांचा.

त्या पानभर मजकुराला सायटेशन म्हणतात. लढाईनंतर वरचे अधिकारी पदकाची शिफारस करतात, ती पायऱ्या चढत वर जाते आणि शेवटी लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापून येते. लिहिणाऱ्याला माणूस सांगायचा नसतोच. पदक का द्यावं याचा पुरावा मांडायचा असतो, आणि तो काम चोख करतो. घोटाळा आपण करतो. पुढची ऐंशी वर्षं तोच पुरावा चरित्र म्हणून वाचत राहतो, शाळेच्या फळ्यावर तोच लिहितो, पुतळ्याखालच्या पाटीवर तोच कोरतो.

यशवंतचं सायटेशन असं आहे. पलटणीतल्या त्याच्या कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. नाईक हुद्द्यावरच्या यशवंत घाडगेच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि सेक्शन कमांडर, म्हणजे तो स्वतः, सोडला तर बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. आपल्यामागून यायला आता कुणी उरलेलं नाही हे ठाऊक असूनही तो मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून त्याने गन आणि ती चालवणारा गप्प केला. टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपलं. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलायला वेळ नव्हता, तेव्हा गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्याने प्राण सोडला.

(‘तो’ म्हणतोय मी. ‘यशवंतराव’ आणि ‘ते’ लिहायला हवं, ठाऊक आहे. पण बावीस वर्षांच्या पोराला अहो-जाहो करत करत आपण त्याला पन्नाशीचा करून टाकतो, आणि मग त्याच्या मरणातलं काहीच अंगावर येत नाही.)

या मजकुरातलं एकच वाक्य मी परत परत वाचत बसतो, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता ते. टॉमीगनचं वजन पाच किलोच्या आसपास. गोळ्या झाडून झाल्या की नळी तापते, ती हाताने धरायची वस्तूच नव्हे. समोर दोन माणसं, हाताच्या अंतरावर, त्यांचे चेहरे दिसताहेत. वर्षानुवर्षं आपण ‘पराक्रम’ म्हणून जे वाचतो ते त्या क्षणी असं असतं: तापलेलं लोखंड आणि समोरच्याचा श्वास. त्या मोर्च्यातले चौघे जर्मन कोण होते, किती वयाचे होते, हे सायटेशनला विचारायचं कारण नाही. आपल्याला आहे असं मला वाटतं.

आणि दुसरी गोष्ट, जी वाचताना निसटून जाते. ‘बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले.’ सेक्शन म्हणजे आठ-दहा माणसं. ती अर्ध्या वाक्यात संपली. यशवंतचं नाव आपल्याकडे आलं, कारण तो शेवटपर्यंत उभा होता. त्याच्याबरोबर निघालेले, त्याच सकाळी त्याच मगमधून चहा प्यायलेले, नावासकट गळाले. पदक एकाला मिळतं हे खरं, पण आठवणही एकालाच मिळावी असा काही नियम नव्हता.

१० जुलै म्हणजे कोकणात लावणीचे दिवस. त्या दिवशी माणगावच्या आसपासची खाचरं पाण्याने तुडुंब असणार, बायाबापड्या आवण लावत वाकलेल्या असणार. तिकडे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंब्रियाच्या डोंगरांत, कडक उन्हाळा. रोम पडून महिना उलटून गेला होता आणि जर्मन फौज एकेक डोंगर लढवत उत्तरेकडे मागे सरकत होती. माघार घेणाऱ्या सैन्याचा पाठलाग म्हटलं की सोपं काम वाटतं. प्रत्यक्षात मागे सरकणारा चांगली जागा निवडून बसतो आणि पुढे जाणाऱ्याला ती उघड्यावरून घ्यावी लागते.

आता तो प्रश्न, जो मराठी वाचकाच्या मनात येतोच, आणि यायलाही हवा. हे युद्ध कुणाचं होतं? १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं, काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँकवरून ‘चले जाव’ निघालं. साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. त्याच साताऱ्यातून, त्याच कोकणातून, त्याच नगरमधून पोरं पलटणीत भरतीही होत होती. एका घरातला एक भूमिगत आणि दुसरा फौजेत, असंही होतं. युद्ध संपेपर्यंत हिंदी लष्करात पंचवीस लाखांच्या आसपास माणसं होती, सगळी स्वेच्छेने आलेली. ‘स्वेच्छेने’ या शब्दात पोट किती आणि हौस किती याचा हिशोब मी करायला जात नाही. घरात पगाराची मनीऑर्डर येऊ लागली की घर उभं राहतं, हे आमच्याकडे आजही भरतीच्या मैदानावर पळणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असतं.

पण स्वातंत्र्यानंतर या माणसांची अडचण झाली, एवढं नक्की. देशाच्या गोष्टीत त्यांना कुठे बसवायचं ते कुणाला कळेना. पदकावर इंग्रजांच्या राजाचा मुकुट. परमवीरचक्राची परंपरा १९४७ नंतरची, तिच्यात हे नाहीत. स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत तर नाहीतच. मग उरते पलटण. पलटण आपल्या माणसांना विसरत नाही. पण तिचीही कूस बदलत राहते. यशवंतची तिसरी बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि तिची दुसरी पॅरा झाली. छत्रीधारी सैनिकांच्या त्या बटालियनच्या इतिहासात कोकणातला हा नाईक आहे, हे महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक असेल?

इटलीतल्या लोकांनी मात्र अलीकडे एक बरं काम केलं. उंब्रियातल्या मोंतोने नावाच्या छोट्या गावात २०२३ मध्ये यशवंत घाडगेच्या नावाने स्मारक उभं राहिलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. त्यावर लॅटिनमध्ये अर्थ असा कोरलाय, की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. त्याच वर्षी भारताचे संरक्षणमंत्री तिथे जाऊन आले, तेव्हा चार दिवस बातम्यांत नाव झळकलं. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांच्या आसपास हिंदी सैनिक लढले, त्यातले ५,७८२ तिथेच राहिले, आणि त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैन्यातल्या जवानांचे, हे आकडे तेव्हा पहिल्यांदा कितीतरी मराठी घरांत पोचले असतील. पैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे. इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकातही यशवंतचं नाव आहे, ज्यांची थडगी नाहीत अशा चार हजारांहून जास्त नावांमध्ये. माणगावात पुतळाही आहे.

स्मारक, पुतळा, नाव. तक्रार नाही. पण यातलं काहीही त्या शेवटच्या काही मिनिटांच्या अलीकडे जात नाही.

म्हणून मला नामदेव जाधव जास्त छळतो. तो तर परत आला होता. तेविसाव्या वर्षी युद्ध संपलेला, अख्खं आयुष्य समोर असलेला माणूस.

त्याची नदी सेनिओ. सायटेशनमध्ये तिची मापं दिलीत आणि ती वाचताना मी थबकलो होतो. रुंदी पंधरा फूट. खोली चार ते पाच फूट. आपल्याकडे याला नदी म्हणणार नाहीत, ओढा म्हणतील, पोरं लंगोट लावून एकच सूर मारून पार करतील. पण तिचे दोन्ही बांध तीस-पस्तीस फूट उंच, उभ्या चढाचे, आणि आतून जर्मनांनी पोखरून मोर्चे केलेले. पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या अंगाला सुरुंगांचा पट्टा. हल्ला करणाऱ्याला एक बांध चढून, पलीकडे उतरून, पाण्यातून जाऊन दुसरा बांध गाठायचा, आणि ओलांडलेल्या बांधाच्या पोटातले मोर्चे आता पाठीत गोळ्या घालणार.

नामदेव पहिल्या बटालियनचा, जंगी पलटणीचा. काम कंपनी रनरचं. वायरलेस बंद पडतो, तारा तुटतात, तेव्हा निरोप पायांनी न्यायचा असतो, तो नेणारा रनर. तो कायम कंपनी कमांडरच्या पाठीशी. पाण्यातून पलीकडे निघताच मागून मारा झाला. कमांडर आणि दोघे जखमी, नामदेव सोडून बाकीचे ठार. त्याने एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांमधून सुरक्षित जागी नेलं. परत आला आणि दुसऱ्यालाही तसंच नेलं. मग तिसऱ्यांदा बांध ओलांडून सगळ्यात जवळच्या मोर्च्यावर गेला आणि टॉमीगनने तो गप्प केला. हाताला गोळी लागली, गन चालवता येईना, तेव्हा ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. आणखी दोन मोर्चे संपवले. बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे घेतले. शेवटी तोफगोळ्यांच्या माऱ्यात माथ्यावर उघडा उभा राहिला, मराठ्यांची युद्धघोषणा देत, हात हलवत बाकीच्या कंपन्यांना पलीकडे बोलावत.

इथे माझ्या मनात भरतो तो पदकाचा भाग नाही, तर आधीच्या त्या दोन खेपा. तीन मोर्चे उडवणं कदाचित संतापात होऊन जात असेल. पण एका जखमीला पोचवल्यावर, स्वतः सुरक्षित जागी असताना, दुसऱ्यासाठी तोच चढ उतरून जाणं संतापात होत नाही. तिथे डोकं शांत लागतं, आणि पायांना सवय. मला वाटतं ती रनरची सवय होती. निरोप घेऊन जायचं आणि उत्तर घेऊन यायचं, जाणं आणि येणं मिळून एक खेप. हा माझा तर्क, सायटेशनमध्ये असलं काही नाही.

त्याच दिवशी त्याच नदीवर अली हैदर नावाच्या फ्रंटिअर फोर्सच्या शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे फाळणी झाली. एकाच पाण्यात भिजलेले दोन शिपाई दोन देशांचे झाले. आणि २ मे १९४५ ला, म्हणजे महिनाही झाला नव्हता, इटलीतल्या जर्मन फौजेने शरणागती पत्करली.

त्यानंतर नामदेवला एकोणचाळीस वर्षं मिळाली. तो फौजेत हवालदारापर्यंत चढला. तो गोळी लागलेला हात त्या सगळ्या वर्षांत त्याच्याबरोबर होता. भाकरी मोडताना, गुंड्या लावताना, थंडीत. आणि दर सभासमारंभात त्याला पुन्हा त्या पंधरा फुटांच्या पाण्यात नेऊन उभं केलं जाणार. शूर माणूस जिवंत राहिला तर आपण त्याला एकच प्रश्न विचारतो, आणि त्याला येणारी बाकी सगळी उत्तरं वाया घालवतो.

हे मी कुणा परक्याबद्दल अंदाजाने म्हणत नाही. आमचे थोरले मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. अठराव्या वर्षी बेळगावला गेले आणि ऐन पस्तिशीत पेन्शनर होऊन घरी आले. गावात नाईक असो की हवालदार, सुट्टीवर आलेला असो की रिटायर, सगळेच ‘मेजर’. मामाही मेजर झाले. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याच्या बाजूची खुर्ची त्यांची. मुख्याध्यापक ओळख करून देणार, मग एखादं पोरगं उठून विचारणार, “मेजर, तुम्ही किती शत्रू मारले?”

मामा हसायचे. एकदा त्यांनी उत्तर म्हणून चादरीची घडी कशी घालायची ते करून दाखवलं. चारी कोपरे असे, मग असे, आणि वर नाणं टाकलं तर उडलं पाहिजे. पोरं हिरमुसली. मुख्याध्यापकांनी घाईघाईने ‘भारत माता की जय’ म्हणवून घेतलं.

मामांकडे गोष्टी नव्हत्या असं नाही. त्या विचारणाऱ्यांना हव्या तशा नव्हत्या. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर घालताना ‘ळ’ चुकलेला सोबती. रजा मिळावी म्हणून गावाहून मागवलेली ‘मदर सिरियस’ची तार, आणि एकाच महिन्यात तिघांच्या आया सिरियस झाल्यावर सुभेदारसाहेबांनी तिघांना रांगेत उभं करून विचारलेला प्रश्न: “एकच आई आहे का रे तुमची?” लंगरमध्ये रविवारी आचाऱ्याला बाजूला सारून भाकऱ्या थापणारा एक जण, त्याचं नाव मामा काढायचे आणि मग थोडा वेळ काही बोलायचे नाहीत. तो लढाईत गेला नव्हता. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी दरीत कोसळली, त्यात गेला. त्याला पदक नाही, त्यामुळे त्याचा वृत्तान्तही नाही. पण त्याची भाकरी कशी फुगायची, तो शिट्टी वाजवायला जायचा आणि नुसती हवा निघायची, तो कुणाची टोपणनावं काय ठेवायचा, हे सगळं मला माहीत आहे. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या यशवंतपेक्षा, काहीच न मिळालेला हा भाकरीवाला माझ्यासाठी जास्त जिवंत आहे. यात पराक्रमाचा संबंध नाही. त्याची आठवण सांगणारा माणूस त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपत होता, एवढाच फरक.

आता तर तरुण माजी सैनिक ही गोष्ट गावोगाव दिसणार. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. तेव्हाचा नियम असा: साडेसतरा ते एकवीस या वयात भरती, चार वर्षं सेवा, आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम घेणार. म्हणजे बाकीची पोरं बाविशी-पंचविशीत वर्दी उतरवून परत. योजना चांगली की वाईट यावर पारावर रोज भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. पण नामदेव ज्या वयात इटलीहून सुटला त्याच वयाचे ‘मेजर’ आता चौकाचौकात असतील. बहुतेकांच्या नावावर एकही लढाई नसेल. त्यांना कुणी काय विचारणार?

यशवंतचं सायटेशन मी एकदा मामांना वाचून दाखवलं, मराठीत करून. ते गुडघ्याला तेल चोळत ऐकत होते. संपल्यावर डोळे पुसतील, निदान ‘शाब्बास’ म्हणतील असं मला वाटलं होतं.

“मॅगझिन संपलं म्हणतोस. दुसरं पाऊचमध्ये होतं का?”

“होतंच असणार. बदलायला वेळ नव्हता असं लिहिलंय.”

“हां. मग बरोबर आहे.” थोडं थांबून म्हणाले, “आणि बाकीचं सेक्शन?”

“ठार किंवा जखमी.”

“ते ऐकलं रे. कोण कोण होते?”

नावं यात दिलेली नाहीत, म्हटलं. मामांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. “नसू देत. तरी सांगतो तुला कोण होते ते. सेक्शन म्हटलं की माणसं ठरलेली. एक जण एलएमजीवाला, म्हणजे हलकी मशीनगन चालवणारा, नंबर एक. तो अंगाने दांडगा असतो, आणि त्याला वाटतं सगळी पलटण आपल्याच जिवावर चाललीय. त्याच्याजवळ नंबर दोन, मॅगझिनं भरून देणारा. या दोघांचं कधी पटत नाही आणि एकमेकांशिवाय जेवतही नाहीत. लिहून घेतोयस का? घे. एक नवा पोरगा असतो, ट्रेनिंगमधून सरळ आलेला, त्याला नाईकाने आपल्या डाव्या हाताला ठेवलेला असतो. एक जुना, ज्याची बढतीची फीत दोनदा गेलीय. एक गाणारा. एकाला सारखं घरचं पत्र येतं आणि एकाला कधीच येत नाही, मग पहिला आपलं पत्र दुसऱ्याला वाचायला देतो. आणि एक असा असतोच, त्याचा चहाचा मग दर आठवड्याला हरवतो. दुसऱ्याचा उचलतो आणि वर म्हणतो, माझाच आहे, खाली बघा, खूण आहे.”

“खरंच असायची खूण?”

“असायची की. ज्याचा उचलला त्याची.”